पावती क्रमांक पाचशे एक

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, झेरॉक्सवाल्याच्या मागे
छापखान्यातले ढमाले म्हणाले,
"एकपासून नको गं नंबर टाकूस.
गिऱ्हाईक आधी पावती बघतं, मग माणूस.
पाचशे एकपासून टाकू."
मी मान हलवली. खोटं
इतक्या स्वस्तात छापून मिळतं, माहीत नव्हतं.

पहिला फोन ऐरोलीचा. तिसरा मजला.
मशीन पाणी सोडत नाही.
बाईंनी दार उघडून माझ्या मागे पाहिलं,
"मेकॅनिक गाडी लावतोय का खाली?"
म्हटलं, "लावून वर आलीय."

खालची झाकणी उघडली, पाणी परातीत घेतलं.
पंपात बोटं घातली की घर कळतं:
दोन रुपयांचं नाणं, केसांचा चाप,
शर्टाची बटणं, वेगवेगळ्या शर्टांची,
आणि पैंजणाचं एक घुंगरू.
सगळं धुऊन खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं.
बाई घुंगराशीच थांबल्या.
"आता नाशिकला असते, होस्टेलवर."

मशीननं घसा खाकरला, पाणी गेलं.
हात पुसले. अवघड काम पुढेच होतं.
"किती झाले?"

अकरा वर्षं हे मला कुणी विचारलं नव्हतं.
कंपनीचा निळा शर्ट अंगात असताना
आकडा मोबाइलवर आपला आपण यायचा,
मी फक्त स्क्रीन त्यांच्याकडे वळवायचे.
त्यातले माझे किती,
ते पवईत बसून कुणी ठरवायचं.

रात्री आरशासमोर घोकलं होतं, साडेचारशे, साडेचारशे.
जितेश पलंगावरून म्हणाला, "सांगतेयस की मागतेयस?"
तरी तोंडातून निघालं,
"द्या तुम्हाला वाटतील ते."

शंभराची नोट पुढे आली.
ती तशीच हवेत राहिली, त्यांच्या हातात,
आणि मी म्हणाले, "साडेचारशे,"
जरा जास्तच मोठ्यानं.
शेजारचं कुत्रं भुंकलं.

पावती फाडून दिली. त्यांनी चष्मा लावला.
"पाचशे एक! चांगलाच जम बसलाय की."

जिन्यात, टूलबॉक्स या हातातून त्या हातात घेत,
हिशोब केला.
रबाळे, घणसोली, तुर्भे, नेरूळ, पार बेलापूरपर्यंत
निळ्या शर्टात, गार फरशीवर गुडघे टेकून
उघडलेली मशिनं पाचशेत मावायची नाहीत.
ढमाल्यांनी कमीच छापलं.

स्कूटर काढतेय तोवर दुसरा फोन.
"ताई, डिशवॉशर करता का?"
"करते," म्हटलं.
आता रात्रीपर्यंत कुणाचा तरी डिशवॉशर
उघडून बघायला मिळायला हवा.