थांबा

नोव्हेंबरात फोन आला.
मुलगी म्हणाली, मी किंगा बोलतेय,
आजोबा, तुम्ही एकटेच राहता ना?
नाताळच्या यादीत तुमचं नाव घातलंय,
कुणीतरी डबा घेऊन येईल.
म्हटलं, बाई, माझे गुडघे अजून शाबूत आहेत.
नाव खोड
आणि पिशवी माझ्या हातात दे.

म्हणून हा मी, बोगुमिऊ, वय चौऱ्याहत्तर,
वूच शहराच्या ट्रामवर एकेचाळीस वर्षं काढलेला,
आज चोवीस डिसेंबर, दुपारचे दोन,
गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला
आणि दोन्ही हातांत म्हाताऱ्यांची जेवणं.
यादीतली पहिली म्हातारी
एकाहत्तरची निघाली.
मी टोपी काढलीच नाही.

बिटाचं सार डब्यातून गळतं.
किंगाला सांगितलं होतं, झाकणाला रबर लाव.
ऐकेल तर शपथ.
तिसऱ्या घरापर्यंत कोटाची बाही लालभडक,
बाईनं दार उघडलं आणि किंचाळली, रक्त!
म्हटलं, बीट.
काय? रक्त?
बीट, बीट!
मग आम्ही दोघं जिन्यात इतके हसलो
की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.
गेनोवेफा तिचं नाव. कापडगिरणीत मागावर होती,
कान तिथेच ठेवून आली.
शुभेच्छा मी दोनदा ओरडून दिल्या,
तिसऱ्यांदा तिनंच मला दिल्या.

तिच्या टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर गवत,
आणि दोन ताटं.
दुसरं, वाट चुकून येणाऱ्या पाहुण्यासाठी,
आमच्याकडची रीत.
बस म्हणाली.
म्हटलं, अजून नऊ घरं आहेत.
होतीच नऊ घरं. खोटं नाही बोललो.
तरी ते ताट
पुढच्या सगळ्या जिन्यांत माझ्यापुढे चढत राहिलं.

शेवटचं घर. चौथा मजला, लिफ्ट नाही,
जिन्यातला दिवा गेलेला.
लुत्सियान, वय अठ्ठ्याऐंशी.
दार साखळीएवढं उघडलं.
एक डोळा, अर्धी मिशी.
मला नको. कुणा म्हाताऱ्याला द्या.

यावर काय बोलणार?
फोनवर मी तरी काय वेगळं बोललो होतो?

खिशातून ओपवातेक काढला,
कागदाइतका पातळ, चवीला काही नाही,
पण आज तो मोडल्याशिवाय कुणी घास घेत नाही.
साखळीच्या अलीकडून मी धरला,
पलीकडून दोन बोटं आली, थरथरत.
टचकन मोडला. मोठा तुकडा त्याच्याकडे गेला.
मोडताना एकमेकांचं भलं चिंतायचं असतं.
तो म्हणाला, तुमचे गुडघे टिकोत.
(ते वाजतात, हे त्याला ऐकू आलं असणार.)
मला काही सुचेना.
म्हणालो, जिन्यातला दिवा लागो.
डबा उंबऱ्याशी ठेवला आणि निघालो.

ट्रामवर माझी एक खोड होती.
थांब्यावरून हलण्याआधी आरशात बघायचं,
कुणी धावत येतंय का.
साहेब मेमो देऊन देऊन थकले.
त्यांना वेळ दिसायची.
मला दिसायची बाई, एका हातात मूल, एका हातात चप्पल.

तिसऱ्या मजल्यावर उभा राहिलो.
आरसा नव्हता. अंधार होता,
खिडकीत पहिली चांदणी,
किंवा समोरच्या छपरावरचा दिवा, तेवढं मला दिसत नाही आता.
वर काहीतरी खळखळलं.
साखळी असेल. चमचाही असेल.

कठडा धरून तीस मोजायला लागलो,
पूर्वीसारखे, सावकाश.
तेविसाला वरून आवाज आला,

थांबा.
हे झाकण उघडत नाहीये.