वैल

मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत,
महापालिकेच्या सभेत मी उभा राहिलो
आणि म्हणालो, शहराला उष्णता हवी आहे.

आधी पंख्याचीच खडखड ऐकू आली.
मग कुणीतरी म्हणालं,
"येमूलसाहेब, सोलापुरात ऊन विकायला आलाय होय?"
मीही हसलो. हसावंच लागतं.

नकाशा उलगडला. हे औष्णिक केंद्र.
शंभर पोती कोळसा जाळला तर
चाळीस पोत्यांची वीज होते.
उरलेली साठ जवळजवळ सगळी डमरूसारख्या मनोऱ्यांतून
दिवसरात्र आभाळाला जातात.
आभाळानं अर्ज केलेला नाही.

आणि हा अक्कलकोट रोड. चौदा किलोमीटर पाईप.
इथं नरसय्या चिलकाचं डाईंग,
पहाटे चारला बॉयलर पेटतो
लाकडावर, भुश्श्यावर, कधी टायरवर
(टायर मी जरा हळू म्हणालो).
टॉवेलात लाल रंग मुरायला
पाणी चांगलं कढत लागतं.
केंद्रातून सुटतं ते नुसतं कोमट,
म्हणून मधूनच थोडी वाफ काढून घ्यायची,
तेवढी वीज कमी होईल.

"म्हणजे फुकट नाही."
"नाही. फुकट नाही."

वैल म्हणजे काय, आठवतंय का कुणाला?
मागच्या बाकावरच्या गंगूबाई गज्जम
तेवढ्या मान हलवून थांबल्या.

पुढचं मी बोललो नाही.
अम्मा विड्या वळायची. चुलीवर भात,
शेजारच्या वैलावर पाण्याचं पातेलं.
वैलाला वेगळं लाकूड कधी घातलं नाही,
चुलीची उरलेली आच जायची तिकडं, वाट चुकल्यासारखी.
संध्याकाळी ती त्या पाण्यात बोटं बुडवून बसायची,
तंबाखू सुटेपर्यंत,
आणि मगच धाकट्याला जवळ घ्यायची.
ही आकडेवारी प्रस्तावाला जोडता येत नाही.

शेरा पडला: तपासून पुन्हा सादर करावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे डाईंगवर गेलो.
दक्षिणेला मनोऱ्यांवरचा ढग
दिव्यांच्या उजेडात पांढरा,
धुऊन वाळत टाकलेल्या चादरीसारखा.
नरसय्यानं विचारलं, "पाईप कधी येतोय?"
"तपासतायत."
"बरं," म्हणाला,
आणि भट्टीचं दार उघडून
पायानं काहीतरी काळं, गोल आत ढकललं.
मी चष्मा काढला,
आणि बराच वेळ पुसत राहिलो.