साडेतेरा अंश

सावद्याला परत येऊन आठ दिवस झाले.
जो भेटतो तो विचारतो,
"तठी काय खाये वं तू, बाई?"
तिथं ऐकू काय यायचं, हे कुणी विचारत नाही.

पंखे.
व्लिसिंगनच्या बंदरात केळी पिकवायच्या बंद खोल्या,
साडेतेरा अंशांवर अडवून धरलेला हिरवा रंग,
आणि उसन्या जाकिटात मी, फैजपूरच्या कॉलेजची,
हातात रंगांचा तक्ता:
एक म्हणजे कच्चं, सात म्हणजे डाग पडलेलं,
चारवर गाडी भरायची.
सहा महिने मी एवढंच ठरवत होते,
कोण चार झालं आणि कोण अजून तीनच.

पहिल्याच आठवड्यात मारिट म्हणाली, "हे चुकलंय."
बस. ना "बेटा", ना "पुढच्या वेळी बघ हं".
मी संडासात जाऊन रडले.
दुपारी तीच माझ्याशेजारी थंड पाव चावत
कुत्र्याच्या ऑपरेशनची गोष्ट सांगत बसली.
चुकली होती ती यादी.
आमच्याकडं एवढ्यावर अख्खी दिवाळी अबोल्यात गेली असती.

वांगं भाजलं तो रविवार सांगायचा राहिला.
बामणोदचं हिरवं नव्हतं ते, जांभळं, चकचकीत, बेचव.
धूर झाला, घंटा वाजली,
चार मजल्यांची माणसं कोट घालून खाली उभी
आणि मध्ये मी, चिमट्यात वांगं धरून.
कुणी ओरडलं नाही. त्याचंच वाईट वाटलं;
ओरडायला आपलं माणूस लागतं.
तळमजल्यावरचा म्हातारा तेवढा जवळ आला,
वास घेतला, म्हणाला,
पुढच्या वेळी खिडकी उघड, आणि मला बोलाव.

माझं आडनाव मारिटला यायचं नाही. "भांगाल," म्हणायची.
एप्रिलातल्या एका संध्याकाळी, साडेआठला, ऊन अजून भिंतीवर,
मी तिला ळ शिकवायला बसले.
जीभ वळव, मागं ने, टाळूला लाव, सोड.
हसून हसून दमलो दोघी.
दुसऱ्या दिवशी सात बेचाळीसच्या बसमध्ये
(ती सात बेचाळीसलाच येते)
एकदम आठवलं,
आमच्या घरी तरी ळ कोण म्हणतं?
बाबा केयं म्हणतात, डोया म्हणतात,
स्वतःला भंगाये म्हणवतात.
शाळेत पोरी हसल्या म्हणून
मी घासून घासून तो ळ केला होता.
परमुलखात माझं म्हणून जे वाटलं,
ते इथंच कुणाकडून तरी उसनं आणलेलं.

आता सावद्यात पारा शेहेचाळीसवर.
काल जेवताना काकूनं तिसरी कळण्याची पुरी उचलली.
मी म्हटलं, "नको." सरळ, मारिटसारखं.
काकूचा हात ताटावर तसाच थांबला.
पंखा फिरत राहिला.
मग मीच ताट पुढं सरकवलं,
"बरं, अर्धी दे."

रात्री अंगणात बाबांना म्हणाले,
आपली केळी हिरवीच निघतात घरातून, नाही?
पिकतात परक्याच्या खोलीत, घड्याळ लावून.
माझंही तसंच काहीतरी…
बाबांनी कूस वळवली.
"उपमा नको लावू. केयं केयं असते.
सकाळी पाचला ये बागेत. भरणी हाये, मोजायले माणूस नाही."

पाच म्हणजे सहा, हे मला ठाऊक आहे.
तरी मी पाचलाच पोचले.
रिकामा ट्रक, भिजलेलं बांधाचं गवत,
तासभर दुसरं कुणीच नाही.
तक्ता खिशात होता, काढला नाही,
अंधारात रंग दिसतो कुठं?
नुसता हात फिरवत गेले घडांवरून:
एक. एक. हाही एक.