खुणेचं पान

शरणपूरच्या ओट्यावर, माघाच्या थंडीत,
तबिथाबाईंना मी रोज एक स्तोत्र वाचून दाखवतो.
डोळे दुधाळ झालेत त्यांचे,
पण शब्द चुकला की काठी वाजते.

आज 'आकाश'पाशी आलो
आणि त्या म्हणाल्या, थांब.

कुंपणावरच्या द्राक्षवेलीत
जांभळा शिंजीर
नखाएवढ्या गळ्यावर
अख्खी सकाळ तोलून धरत होता.
दूर पांडवलेण्यांच्या डोंगरावरून
ऊन पायरी पायरीने उतरत होतं,
कुणी बोलावल्यासारखं.

"मिट पुस्तक. पुढचं तो म्हणतोय."

खुणेला वेलीचंच पान घातलं.
संध्याकाळी उघडलं, तर 'स्तुती'वर
ओला हिरवा डाग.
अडखळलो.

काठी वाजली नाही.