उणे पंचेचाळीस

याकुत्स्कच्या बाजारात फ्रीज लागत नाही.
न्युर्गुयाना आइस्क्रीमची खोकी
उघड्या फळीवर रचते, विटांसारखी.
दुधाच्याही थाळीएवढ्या चकत्या,
गिऱ्हाईक काखेत मारून नेतं.
शेजारी माझे मासे, बादलीत शेपटीवर उभे,
प्रार्थनेच्या रांगेतली पोरं जशी, तोंडं उघडी.

इथे पंचाईत एकच :
जेवण गरम ठेवायचं कुठे?

तिचा डबा कोटाच्या आत,
स्वेटरच्याही आत, पोटाशी बांधलेला.
बटाटा भरलेले दोन पाव
आणि बेकरीतला खसखशीचा रोल, कागदात.
चालताना दिवस गेल्यासारखी दिसते.
पहिल्या हिवाळ्यात मी अभिनंदन करून बसलो होतो.
अजून ऐकवते.

एक वाजता गिऱ्हाइकांकडे पाठ करून
ती बटणं सोडते, दोनच,
आणि वाफ निघते. कांद्याची, माणसाची.
चार घासांत उरकायचं.
पाचवा दातांवर वाजतो.

आज लहान वर्गांना थंडीची सुट्टी.
एर्चिमने घरात बसावं म्हणून दिलेली,
तर तो इथे, पापण्या पांढऱ्या.
तिने आतून रोल काढून हातावर ठेवला.
ऊन होता अजून.
त्याने हुंगला, खिशात घातला,
म्हणाला, "आई, आइस्क्रीम."

"सुट्टी कशाची आहे रे आज?"
पोरगं गप्प. फळीकडे बघत.

शेवटी मीच पैसे टाकले.
तिने ते हातमोज्यांतून दोनदा मोजले,
माझ्याकडे न बघता, रागातच,
आणि त्याला म्हणाली,
"हळू खा.
कुठे वितळून जातंय ते!"