शुद्धिपत्र

पान सात, ओळ तिसरी : ‘राक्षस’च्या जागी ‘रक्षक’ वाचू नये.
राक्षसच आहे. सिंचन खात्यात आहे.
बारापात्रे म्हणाले होते, "राहू दे व कुंदा,
ज्याले फरक कळन त्याले कळन."

एकोणीस कादंबऱ्या मी तपासल्या त्यांच्या
इतवारीतल्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर.
कूलरच्या ओल्या खसचा वास शाईत मुरलेला,
आणि मे महिन्यात प्रुफांवर घाम असा टपकायचा
की कोणता अनुस्वार त्यांचा
आणि कोणता माझा,
ते मशीनवाल्या गुलाबलाही सांगता यायचं नाही.

दिवसा ते कोषागारात.
नोव्हेंबर आला की खिडकीसमोर म्हाताऱ्यांची रांग,
हातात हयातीचे दाखले :
मी जिवंत आहे, खाली सही, बाजूला शिक्का.
एक जण म्हणाला, "मागच्या साली इसरलो साहेब,
तं अकरा महिने मेलो होतो."
त्या रात्री पहिली कादंबरी सुरू झाली.

त्यातलं भूत टेबलाटेबलाशी फिरतं,
मेल्याचा दाखला मागतं.
बाबू म्हणतो, अर्जदारानं समक्ष यावं.
भूत म्हणतं, समक्षच आलोय.
बाबू चष्मा पुसतो :
मग मेले कसे?

तीनशे प्रती काढल्या.
दोनशे साठ प्रकाशकाच्या जिन्याखाली झोपल्या,
त्यांच्यावर मांजरीनं दोनदा संसार केला.

मग शून्यपूर आलं, झिरो माइलच्या खांबाखालचं राज्य,
जिथं सगळी अंतरं सुरू होतात
म्हणून कुणी कुठं जातच नाही.
दगडी घोडे मध्यरात्री विचारतात, किती राहिलं?
खांब म्हणतो, शून्य.
घोडे म्हणतात, पोचलोच की मग,
आणि चौघं समाधानानं घाम पुसतात.

मग पिवळी मारबत आली,
दरसाल गावाची ईडापीडा वाहून नेणारी,
प्रवासभत्त्याचा अर्ज घेऊन.
तो अर्ज एकशे चाळीस पानं चालतो. मी सगळी वाचली आहेत.
पान एकशे बारावर एक ओळ गळली आहे.
गळली ते बरंच झालं, त्यात एका आमदाराचं नाव होतं.

पुण्याहून आलेल्या एका विद्वानानं परिसंवादात विचारलं,
"तुमच्या लेखनात वास्तव कुठं दिसत नाही?"
बारापात्रे म्हणाले, "आमच्याकडं वास्तव सत्तेचाळीस डिग्री असते.
मी सावलीत बसून लिहितो."
सभागृह हसलं. विद्वानानं ते वहीत टिपून घेतलं,
म्हणून मला त्याचा राग आला नाही.

पुरस्कार एकच मिळाला, तोही उशिरा.
शालीनं कूलर झाकला, नारळाची चटणी झाली.
मानपत्रात तीन चुका होत्या,
मी सवयीनं लाल शाईत गोल केले.
ते तेवढंच त्यांनी फ्रेम करून लावलं,
गोलांसकट.

विसाव्या कादंबरीची अडतीस पानं माझ्याकडं आहेत.
एकोणचाळिसावर फक्त ‘पण’ आहे.
त्यापुढं स्वल्पविराम द्यायचा की पूर्णविराम
हे मी विचारायचं ठेवलं होतं सोमवारवर.

श्रावणात शेवंताबाईंबरोबर कोषागारात गेले.
तीच खिडकी. आत नवा मुलगा, कानात कापूस.
त्यानं मृत्यूचा दाखला उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
"आजी, इथं बारामात्रे छापून आलं.
आमच्याकडं बारापात्रे आहे.
म्हणजे हे जे मेले, ते आमचे नाहीत.
आमचे अजून चालू आहेत."

माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं.
चाळीस वर्षांत एक अक्षर सोडलं नाही मी.
हात आत गेलासुद्धा.

शेवंताबाई खिडकीची जाळी धरून हसत होत्या,
पदर तोंडाशी, खांदे गदगदत,
मागची रांग काळजीत पडली.
मग डोळे पुसून मला म्हणाल्या,
"सोमवारी येऊ व दुरुस्तीले.
तोवर राहू दे त्यायले."