रकाना अकरा

सकाळी सहापासून रांग.
स्टेडियमच्या मागच्या मैदानावर घोडेच घोडे,
प्रत्येकाच्या लगामाशी एक माणूस,
दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून,
जणू कोर्टात साक्षीला आलाय.
मागे आंदेसचा डोंगर, अर्धा ढगात.

कायदा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते.
चार वर्षं मी त्याच्यासाठी फुटक्या खुरांचे फोटो काढले,
पट्ट्याखाली सडलेल्या खांद्यांची मापं घेतली,
सेंटिमीटरमध्ये.
सभागृहात एकाने विचारलं होतं,
दुखतं म्हणून घोडा सांगायला येतो का, डॉक्टर?
मी मापं वाचून दाखवली.
शेवटच्या मापाशी आवाज फुटला.
कलम नऊ मंजूर झालं.

आज तेच कलम टेबल मांडून बसलंय.
शिक्का, शाईचं पॅड, पाण्याच्या बाटल्या.
घोडा द्या, तीनचाकी मोटार घ्या.

नंबर एकशे चौदा. एलिएसेर किंतेरो, भंगारवाला.
घोडी कानेला.
कानेला म्हणजे दालचिनी. रंगही तोच.
दातांवरून मी म्हणते, एकोणीस.
तो म्हणतो, वीस. आमच्या धाकटीच्या आदल्या महिन्यातली.
मी खोडून वीस लिहिते.
खुरं साफ. पाठीवर एक वळ नाही.
छातीच्या पट्ट्याला आतून शिवलंय
तान्ह्या मुलाचं पांघरूण, त्यावर विटलेली बदकं.

ही पाठ त्या फोटोंमध्ये नव्हती.

रकाना अकरा: जनावराच्या सवयी.
बहुतेक जण इथे रेघ मारतात.
तो सांगू लागला, मी लिहीत गेले.
लाल दिवा कळतो तिला.
बेकरीपुढे थांबते, पावाची कड मिळेतो हलत नाही.
खाजवायचं ते डाव्या कानामागे, उजव्या नाही.
पुलावर मागून मोठी गाडी आली की बोलत राहायचं,
काहीही, बटाट्याचे भाव सांगितले तरी चालतं.
रकाना भरला. मी कागद उलटा केला.
रांगेतून कोणी ओरडलं. ओरडू दे.

'तिकडे कुरणावर हे वाचतं का कोणी?'

तशी तरतूद नाही.
सत्तावीस कलमं लिहिली आम्ही, आणि हे सुचलं नाही कुणाला.
वाचतात, मी म्हणाले.

त्याने सही केली. मोटारीवर बसला,
जिभेने टक् केलं.
मोटार ढिम्म.
मग त्याला किल्ली आठवली.

संध्याकाळी ट्रकमध्ये अकरा घोडे आणि मी.
पुलावर मागून टँकर आला, हॉर्न दाबत,
आणि कानेलाचे चारी पाय थरथरू लागले.
बटाट्याचे भाव मला कुठले ठाऊक.
जे पाठ होतं तेच म्हणू लागले,
'कलम नऊ. कोणत्याही प्राण्यास ओझे वाहण्यासाठी
शहराच्या हद्दीत जुंपता येणार नाही,'
पोटकलम एक, पोटकलम दोन,
अपवाद, दंड, अंमलाची तारीख.

तिने एक कान माझ्याकडे वळवला.
डावा.
पूल अजून बराच होता.